ओट्यासाठी ग्रॅनाईट निवडताय? दुकानात जाताना लिंबू आणि स्टीलची पट्टी सोबत ठेवा

बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमधल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतीत स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरलं की घरात पहिला वाद टाइल्सवरून होतो आणि दुसरा ट्रॉल्यांवरून. ओट्याच्या दगडाचा विषय मात्र 'काळा ग्रॅनाईट टाकून द्या' एवढ्या एका वाक्यात संपतो. कॉन्ट्रॅक्टर मोबाइलवर दोन फोटो दाखवतो, घरातलं कोणीतरी मान हलवतं आणि पुढची वीस वर्षं रोज ज्या दगडावर पोळ्या लाटायच्या, तो दगड न बघताच ठरतो.

टाइल फुटली तर बदलता येते, ट्रॉलीचं चॅनल बिघडलं तर नवं बसवता येतं. ओटा बदलायचा तर सिंक, नळ, गॅसची पाइप, खालच्या ट्रॉल्या आणि मागच्या टाइल्स असं सगळंच हलवावं लागतं, शिवाय चार-पाच दिवस चूल बंद. म्हणून सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो या दगडालाच.

काळा ग्रॅनाईट खरंच ग्रॅनाईट असतो का?

बहुतेक वेळा नाही. भूगर्भशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाईट म्हणजे जमिनीच्या पोटात खोलवर मॅग्मा सावकाश थंड होऊन तयार झालेला खडक. त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक ही खनिजं डोळ्यांना दिसतील एवढ्या दाण्यांत असतात. त्यामुळे खरा ग्रॅनाईट ठिपकेदार, राखाडी, गुलाबी, लालसर किंवा पांढुरका दिसतो. बाजारात 'अ‍ॅब्सोल्यूट ब्लॅक', 'जेट ब्लॅक' अशा नावांनी मिळणारा काळाकुट्ट दगड हा डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा असतो. दुकानदार फसवतोय असा याचा अर्थ नाही. जगभर दगडाच्या व्यापारात पॉलिश होणाऱ्या कठीण अग्निजन्य खडकांना सरसकट ग्रॅनाईटच म्हणतात. उलट हे काळे दगड ओट्यासाठी चांगलेच, कारण त्यांचे दाणे घट्ट असतात आणि ते पाणी-तेल कमी शोषतात.

नावांवर मात्र जाऊ नका. 'काश्मीर व्हाईट' काश्मीरमधून येत नाही, तो तामिळनाडूतला. सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी' आंध्र प्रदेशात प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीच्या खाणींमधला आणि तपकिरी 'टॅन ब्राऊन' तेलंगणातल्या करीमनगर भागातला. राजस्थानात जालोरचा ग्रॅनाईट आहे, कर्नाटकात इलकलचा लाल दगड आहे. इलकल म्हटलं की आपल्याकडे साडीच आठवते, पण दगडाच्या व्यापारात त्या गावाचं नाव वेगळ्या कारणाने घेतलं जातं. एकाच नावाखाली वेगवेगळ्या खाणींचा माल येतो, काही नावं तर फक्त त्या दुकानापुरती असतात. त्यामुळे एका दुकानातल्या 'मून व्हाईट'चा दर दुसऱ्या दुकानातल्या 'मून व्हाईट'शी ताडून फार काही कळत नाही. लादी समोर ठेवूनच तुलना करावी लागते.

मुंबईचा स्वतःचा दगड आहे तो बेसॉल्ट. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या मधून डोकं काढणारी सुमारे २०० फुटांची गिल्बर्ट हिल ही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या उभ्या खांबांची टेकडी आहे. म्हणजे अंधेरीकर काळ्या पाषाणावरच राहतात, फक्त ओट्याचा दगड हजारभर किलोमीटरवरून मागवतात. बेसॉल्टचा पाटा-वरवंटा झाला, जातं झालं, बांधकामाची खडी झाली. पण मोठी, सलग, आरशासारखी पॉलिश घेणारी लादी त्यातून सहसा निघत नाही.

जुना कडाप्पा काढायचाच का?

उपनगरांतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये ओटा म्हणजे कडाप्पा, हेच समीकरण होतं. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा काळा दगड आणि कर्नाटकातल्या शहाबादची फरशी, दोन्ही चुनखडीच्या जातीचे. राजस्थानातला कोटा स्टोनही त्याच कुळातला. स्वस्त, मजबूत, पण आम्लापुढे हतबल. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर सांडून राहिलं की चुनखडीतलं कॅल्साइट विरघळतं आणि तिथे पांढुरका, खरबरीत डाग उरतो. जुन्या कडाप्प्यावर सिंकच्या बाजूला जो फिकट पट्टा दिसतो तो केवळ मळ नसतो, तिथला दगडच झिजलेला असतो. संगमरवराचीही हीच अडचण आहे, म्हणून देवघराला शोभणारा मार्बल ओट्यावर नको.

ग्रॅनाईटमधल्या क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारवर लिंबाचा परिणाम होत नाही. कठीणपणातही मोठा फरक आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापनात कॅल्साइट ३ वर, फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर येतो. स्वयंपाकघरातली स्टीलची सुरी साधारण साडेपाचच्या आसपास. म्हणजे सुरी कडाप्प्यावर ओरखडा उठवते, ग्रॅनाईटवर मात्र स्वतःच बोथट होते.

तरीही कडाप्पा पूर्ण मोडीत काढायची गरज नाही. ओट्याच्या खाली उभे आधार आणि आतले कप्पे यांसाठी तो आजही उपयोगी पडतो. पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही. सिंकखालच्या ओलसर जागेत प्लायवूडच्या खोक्यापेक्षा कडाप्प्याचे उभे आधार जास्त टिकतात. दिसायला जुनाट वाटेल, पण दार लावल्यावर कोणाला दिसतंय?

दुकानात काय तपासायचं?

सगळ्यात आधी लिंबू. ज्या दगडाची निवड करायची त्याचा तुकडा मागून घ्या, पॉलिश केलेल्या बाजूवर लिंबाचे चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. चमक गेली किंवा बुडबुडे आले तर त्या दगडात कॅल्साइट आहे, नाव काहीही असो. त्याच तुकड्यावर दुसरीकडे पाण्याचे थेंब ठेवा. काही मिनिटांतच खालचा भाग गडद झाला तर दगड पाणी शोषतो. जो पाणी शोषतो तो तेल आणि हळदही शोषणार. फोडणीच्या स्वयंपाकात ही बाब रंगापेक्षा महत्त्वाची. पांढरे आणि फिकट दगड याबाबतीत जास्त नाजूक असतात. ते घ्यायचेच असतील तर सीलर लावून घ्या आणि दर वर्ष-दोन वर्षांनी तो पुन्हा लावण्याची तयारी ठेवा.

काळ्या दगडासाठी आणखी एक चाचणी आहे. राखाडी दगडाला रंग किंवा तेल चढवून काळा म्हणून विकण्याचे प्रकार होतात. नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनमध्ये पांढरा कपडा भिजवून लादीवर जोरात घासा. कपड्यावर काळं आलं तर पुढे चला. असा दगड वर्षभरात गॅसच्या आसपास आणि सिंकजवळ फिका पडतो, त्यावर पुन्हा पॉलिश करूनही मूळ काळेपणा येत नाही.

मग स्टीलची पट्टी. १८ मिलिमीटर म्हणून सांगितलेली लादी कडेला मोजून बघा, आणि एकाच नाही तर तीन-चार ठिकाणी. १५-१६ भरली तर भाव त्या हिशोबाने ठरवा. दोन टोकांची जाडी वेगळी असेल तर बसवताना जोडावर पायरी येते आणि तिथेच पीठ, पाणी, मुंग्या सगळं साठतं. ओट्यासाठी १८ मिलिमीटरच्या खाली न गेलेलं बरं, विशेषतः सिंक आणि हॉबसाठी भोकं पाडायची असतील तर.

लादी उभी करून तिरप्या उजेडात बघा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वेडंवाकडं दिसत असेल तर पॉलिश सपाट नाही. एखादी रेष दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ती चीर, नाही अडकलं तर बहुधा दगडाची नैसर्गिक शीर. लादीच्या मागे जाळी चिकटवलेली असेल तर कारण विचारा. काही ठिसूळ दगडांना ती लावतातच, पण साध्या काळ्या ग्रॅनाईटला जाळी दिसली तर शंका घ्यायला जागा आहे. बोटाच्या पेराने वाजवलं तर अखंड लादी खणखणीत वाजते, तडा गेलेली भद्द.

हे सगळं फोटोवरून होत नाही. उपनगरांतल्या दुकानांत येणारा बराच माल राजस्थानातून किंवा सिल्वासातल्या कटिंग-पॉलिशिंगच्या कारखान्यांतून येतो आणि दर खेपेला छटा बदलते. लादी पसंत पडली की तिच्या मागे मार्करने सही करा. ऐकायला विचित्र वाटतं, पण घरी तीच लादी आली की नाही हे ओळखायचा यापेक्षा सोपा मार्ग नाही.

दर कसा लागतो आणि पैसे कुठे वाढतात?

दुकानावर लिहिलेला चौरस फुटाचा दर आणि हातात येणारं बिल यांत बरंच अंतर असतं. समजा ओटा सरळ १० फूट लांब आणि २ फूट रुंद आहे. वरचा भाग २० चौरस फूट. समोरची ३ इंचांची पट्टी अडीच चौरस फूट. भिंतीला लागून ४ इंचांची उभी पट्टी साधारण सव्वातीन. एकूण २६ चौरस फुटांच्या आत. दर २०० रुपये धरला तर दगडाचे ५,२०० रुपये व्हायला हवेत.

पण दगड लादीच्या मापात मिळतो. दुकानात ९ फूट लांब आणि अडीच फूट रुंद लाद्या असतील तर एक लादी साडेबावीस चौरस फुटांची. तुम्हाला दोन घ्याव्या लागतील, म्हणजे ४५ चौरस फूट आणि ९,००० रुपये. शिवाय ओट्यावर एक जोड येणार तो वेगळाच. म्हणून दर विचारण्याआधी लादीची लांबी विचारा. १० फूट ३ इंच लांबीची लादी दर थोडा जास्त असूनही स्वस्त पडू शकते. आणि दोन लाद्या घेतल्याच तर उरलेला दगड तुमचा आहे, कॉन्ट्रॅक्टरचा नाही. त्यातून खिडकीची चौकट, बाथरूमचा उंबरठा निघतो.

सिंक आणि हॉबसाठी कापलेल्या तुकड्यांचे पैसे वजा होत नाहीत, उलट कापण्याचे वेगळे लागतात. कडेच्या गोलाईचे, म्हणजे मोल्डिंगचे, रनिंग फुटाने. समोरची जाड दिसणारी कड हवी असेल तर डबल पट्टी चिकटवण्याचे वेगळे. पॉलिश केलेल्या लाद्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, 'बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल' हे वाक्य त्यामुळेच ऐकू येतं. बिल नसेल तर दगड बदलून मागायला हातात काहीच राहत नाही.

आणि मग येतो जिना. १८ मिलिमीटरच्या ग्रॅनाईटचं वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतं, काळ्या दगडाचं पाचच्या आसपास. ९ फुटी अख्खी लादी शंभर किलोपर्यंत जाते आणि जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती उभीही राहत नाही. बोरिवली-मुलुंडच्या कितीतरी चार मजली इमारतींना तर लिफ्टच नाही. माल मजल्यावर चढवण्याची मजुरी मजल्यागणिक ठरते आणि ती कोटेशनमध्ये क्वचितच लिहिलेली असते. जिन्याच्या वळणावर अख्खी लादी फिरेल का, हे दगड घेण्याआधी टेपने मोजा. फिरणार नसेल तर जोड कुठे घ्यायचा हे तुम्ही ठरवा. सिंकच्या वर किंवा शेगडीच्या शेजारी जोड नको. सिंक आणि शेगडीच्या मधल्या कोरड्या भागात चालेल.

ओटा किती उंच असावा हेही याच वेळी ठरवायचं. बहुतेक ठिकाणी ३२ ते ३४ इंच धरतात. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती उभी राहून कोपरात हात वाकवेल, तिथून चार ते सहा इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग आला तर पाठ वाकत नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या उंचीवर ओटा बांधला जाऊ देऊ नका.

क्वार्ट्झचा ओटा घेतला तर?

शोरूममध्ये आता क्वार्ट्झ आणि 'नॅनो व्हाईट'सारख्या पांढऱ्याशुभ्र कृत्रिम लाद्यांची चलती आहे. क्वार्ट्झच्या लादीत ९० टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झची भुकटी आणि बाकी रेझिन असतं. डाग कमी धरते, रंग एकसारखा मिळतो. पण रेझिन उष्णतेला घाबरतं. गॅसवरून उतरवलेला तवा किंवा कुकर थेट ठेवला तर पिवळा डाग पडू शकतो, आणि तो निघत नाही. ग्रॅनाईट हे सहन करतो. ज्या घरात चार शेगड्या एकदम पेटलेल्या असतात, तिथे ग्रॅनाईटच बरा.

क्वार्ट्झबद्दल दुसरी गोष्ट शोरूममध्ये सांगत नाहीत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचं उत्पादन, पुरवठा आणि वापर यांवर बंदी घातली. असा निर्णय घेणारा तो पहिला देश. वापरणाऱ्या कुटुंबाला धोका होता म्हणून नाही, तर लाद्या कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसने आजारी पडत होते म्हणून.

ती पांढरी धूळ नेमकी काय असते?

दगड कापताना, घासताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. डोळ्यांना दिसणारी धूळ काही वेळात खाली बसते. न दिसणारी हवेत तरंगत राहते आणि श्वासावाटे फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथे व्रण तयार होतात, फुप्फुसं कडक होत जातात. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारं औषध नाही. अशा रुग्णांना क्षयरोगाचा धोकाही जास्त असतो. भारतात कारखाने कायदा, १९४८ मध्ये सिलिकोसिसची नोंद कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होती. दगडखाणींचं राज्य असलेल्या राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी वेगळं धोरणच आणलं. पण घाटकोपरमधल्या एखाद्या इमारतीच्या पॅसेजमध्ये उकिडवं बसून ग्राइंडरने लादी कापणारा कारागीर कुठल्याच कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. आज या घरी, उद्या दुसऱ्या.

खऱ्या ग्रॅनाईटमध्ये क्वार्ट्झ साधारण २० ते ४० टक्के असतं, कृत्रिम क्वार्ट्झच्या तुलनेत निम्म्याहून कमी. डोलेराइट जातीच्या काळ्या दगडात ते खूपच कमी. म्हणजे काळा दगड निवडण्याचं हे एक कारण, जे सहसा कोणी मोजत नाही. तरी धूळ ती धूळच.

घर करून घेणाऱ्याच्या हातात इथे बरंच काही असतं. ओट्याचं माप आणि सिंक-हॉबचे साचे आधी देऊन कापणी आणि मोल्डिंग दुकानाच्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनवर करून घ्यावं. यासाठी सिंक आणि हॉब आधीच विकत घेतलेले हवेत. 'सिंक नंतर बघू' म्हटलं की भोक घरातच पाडावं लागतं, तेही कोरडं. घरी थोडंफार कापणं आलंच तर पाणी सोडून कापायच्या मशीनवर आणि ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवलेल्या लाइनवर. साध्या ग्राइंडरवर बाटलीतून पाणी ओतत कापणं म्हणजे शॉकला आमंत्रण. कारागिराच्या तोंडावर रुमाल असेल तर त्याचा उपयोग नाही, एन-९५ मास्क द्यावा. काम चालू असताना लहान मुलं आणि दम्याचा त्रास असलेली माणसं घरात नसावीत. नंतर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. झाडूने ती धूळ पुन्हा हवेत जाते.

या सगळ्याचे काही पैसे जास्त पडतात. मोल्डिंगची स्टाइल बदलून जे वाचतात तेवढेच साधारण.

सोसायटी, गॅस आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी

जुना ओटा घणाने तोडताना सगळ्यात आधी हादरतं ते खालच्या शेजाऱ्याचं छत, आणि नंतर त्यांच्याशी असलेलं नातं. काम सुरू होण्याआधी खाली जाऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताचे फोटो त्यांच्यासमोरच काढून ठेवावेत. आधीपासूनची ओल कोणती आणि नवी कोणती, यावरून होणारं भांडण तिथेच मिटतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटच्या आतल्या सिंक, शौचालय वगैरेंमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सदस्यानेच करायचा असतो. दुरुस्तीआधी सोसायटीला लेखी कळवणंही अपेक्षित आहे. ओटा आहे तिथेच नवा करायचा तर प्रश्न येत नाही. भिंत पाडून ओटा हॉलकडे सरकवायचा असेल तर तो वेगळा विषय आहे, त्यासाठी इंजिनीअरचा सल्ला आणि महापालिकेचे नियम बघावे लागतात.

पाइपने गॅस येत असेल तर मीटर किंवा पाइप प्लंबरला हलवू देऊ नका. ते काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यायचं, मुंबईत म्हणजे महानगर गॅसकडून. त्यांची तारीख मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून जुना ओटा तोडायच्या आधी अर्ज करा.

तोडलेल्या कडाप्प्याच्या आणि टाइल्सच्या गोण्या रात्री नाल्याकाठी टाकून येणारे टेम्पोवाले सगळ्यांना माहीत आहेत. मुंबई महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' ही सेवा आहे. पूर्व उपनगरांतलं डेब्रिज शिळफाट्याला आणि पश्चिम उपनगरांतलं दहिसरला प्रक्रियेसाठी जातं. या दोन्ही प्रकल्पांची क्षमता प्रत्येकी रोज ६०० टन आहे. कॉन्ट्रॅक्टरने डेब्रिजचे पैसे लावले असतील तर ते कुठे टाकणार, हे त्याला विचारायला हरकत नाही.

बसवताना कशावर लक्ष ठेवायचं?

पाणी दोन ठिकाणांहून आत शिरतं. एक, सिंकच्या भोकाची कड. दुसरं, ओटा आणि भिंत यांचा सांधा. दोन्ही ठिकाणी पांढरं सिमेंट भरून वेळ मारून नेली जाते आणि सहा महिन्यांत ते सुटतं. सिंकच्या कडेला बुरशीरोधक सिलिकॉन आणि भिंतीच्या सांध्यात इपॉक्सी ग्राउट आधीच कोटेशनमध्ये लिहून घ्या. समोरच्या कडेला, खालच्या बाजूने एक बारीक खाच पाडून घेतली तर ओट्यावरून ओघळणारं पाणी तिथेच थेंबाथेंबाने गळतं, ट्रॉल्यांच्या दारांवर जात नाही. पाच मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

सिंकच्या पुढे आणि मागे दगडाची जेमतेम दोन-तीन इंचांची पट्टी उरते. तीच सगळ्यात आधी तडकते. तिच्याखाली आधार आहे ना, हे ट्रॉल्या बसण्याआधी वाकून बघा. भोकाचे कोपरे काटकोनी न कापता किंचित गोल कापले तर तडा जायची शक्यता कमी होते. खलबत्त्यात कुटणं, नारळ फोडणं हे या पट्टीपासून लांब, खाली भक्कम आधार असलेल्या जागी करायचं. त्यासाठी आपली जमीन काय वाईट आहे?

काम झालं की सिंक काठोकाठ भरून अर्धा तास ठेवावं आणि मग सगळं पाणी एकदम सोडावं. खालच्या पाइपभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवला की गळती लगेच कळते. ही चाचणी कॉन्ट्रॅक्टर समोर असताना करायची, शेवटचा हप्ता देण्याआधी.

इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर?

उपनगरांतला हा सगळ्यात अवघड प्रश्न. सोसायटीच्या सभेत गेली पाच वर्षं चर्चा सुरू आहे, बिल्डर ठरलेला नाही आणि ओट्याला तर तडा गेलाय. विकासकाची नेमणूक होऊन करारनामा झाला असेल तर नव्या ओट्यावर खर्च करू नये, जोड इपॉक्सीने भरून दिवस काढावेत. पण राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसारची प्रक्रियाच अजून सुरू झाली नसेल, तर तीन-चार वर्षं सहज जातात. तेवढा काळ गळक्या ओट्यावर स्वयंपाक करण्यापेक्षा राजस्थानातला साधा काळा दगड घालून मोकळं व्हावं. ब्लॅक गॅलेक्सी मात्र नव्या घरासाठी राखून ठेवा.

आणि नव्या घराच्या करारात लक्ष द्या. सुविधांच्या यादीत बहुधा 'ग्रॅनाईट प्लॅटफॉर्म आणि स्टीलचं सिंक' एवढंच लिहिलेलं असतं. जाडी नाही, दगडाचा प्रकार नाही, ओट्याची लांबी नाही. करारावर सही होण्याआधी सोसायटीने '१८ मिलिमीटर, रंग न चढवलेला, अमुक फूट' एवढे शब्द घालून घेतले तर सगळ्यांचाच फायदा. त्याच प्रकल्पात विक्रीचा फ्लॅट घेणाऱ्यांना रेरा कायद्याच्या कलम १४(३) चा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर विकासकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

रोजची देखभाल

भांडी घासायचं सौम्य लिक्विड आणि कोमट पाणी पुरे. बाथरूमचं अ‍ॅसिड ओट्यावर कधीही नको. ग्रॅनाईट सहन करेल, पण सांध्यातलं सिमेंट आणि सिंकचं स्टील सहन करणार नाही. तेलाचा डाग पडला तर खाण्याचा सोडा पाण्यात दाट कालवून त्यावर थापावा, वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवावा आणि सकाळी पुसावा. जुना डाग असेल तर दोन-तीनदा करावं लागतं. गरम कुकर ठेवला तर चालतो, पण तापलेल्या जागेवर लगेच थंड पाणी ओतू नये.

कापून उरलेला एखादा फूटभराचा तुकडा मात्र कडा घासून घेऊन घरात ठेवावा. पुढे कधी कड तुटली तर रंग जुळवायला उपयोगी पडतो, आणि तोवर त्यावर भाकऱ्या थापता येतात.